प्रश्न दुरुस्त करण्याचा अधिकार : ग्रामीण आरोग्यसंशोधनातील मार्गदर्शनाची चिकित्सा

१

अल्प उत्पन्नाच्या देशांतील आरोग्यसंशोधकांना मार्गदर्शन कोणी व कसे करावे, हा प्रश्न अलीकडच्या काळात वैद्यकीय संस्थांपुढे आग्रहाने मांडला जात आहे. उष्णकटिबंधीय वैद्यकाला वाहिलेल्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकाने जानेवारी २०१९ मध्ये या एकाच विषयावर पुरवणी काढली. तीत पेरू, भारत व आफ्रिका खंडातील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह लिहिले. या चर्चेचा भर प्रामुख्याने संस्थांची जबाबदारी, ज्येष्ठांना मिळणारा वेळ, श्रेयाची वाटणी आणि ज्येष्ठ-कनिष्ठांतील अंतर यांवर आहे. हे विषय महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. तथापि मार्गदर्शनाचा एक घटक असा आहे की तो भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेत प्रथम भरतो आणि वैद्यकाच्या अभ्यासकाला मात्र सहसा शेवटी आठवतो. तो घटक म्हणजे प्रश्न. प्रश्न कोण तयार करतो, तो कोणत्या भाषेत विचारला जातो आणि तो चुकीचा ठरल्यास दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे असतो, या तीन गोष्टींवरून मार्गदर्शनाची प्रत ठरते, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

आरंभी संज्ञेचाच विचार करणे इष्ट होईल. इंग्रजीतील ‘मेंटर’ हा शब्द होमरच्या महाकाव्यातील एका वृद्ध पात्राच्या नावावरून आला. फ्रेंच लेखक फेनेलाँ याच्या १६९९ मधील ‘तेलेमाक’ या कथेनंतर तो सामान्यनाम म्हणून युरोपात रूढ झाला. मराठीत त्याच्या जोडीला तीन शब्द उभे राहतात : गुरू, मार्गदर्शक आणि बोलण्यातला ‘गाईड’. विद्यापीठीय व्यवहाराने ‘मार्गदर्शक’ हा शब्द स्वीकारला आणि शोधप्रबंधाच्या पहिल्या पृष्ठावर तो स्थिरावला. मात्र या सामासिक शब्दाच्या अर्थात एक गृहीत दडलेले आहे. ज्याचे दर्शन घडवावयाचे तो मार्ग आधीच तयार आहे, असे तो शब्द मानून चालतो. दाखविणाऱ्याने दाखवावा, चालणाऱ्याने चालावे; मार्ग चुकीच्या गावी जात असेल तर काय करावे, याला त्या शब्दात जागा नाही. शब्दांच्या घडणीवरून संस्थांच्या वर्तनाचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, हे मान्य. परंतु आरोग्यसंशोधनाच्या क्षेत्रात, जेथे मार्ग बहुधा दुसऱ्या खंडात आखलेला असतो, तेथे हे गृहीत निव्वळ शाब्दिक राहत नाही.

२

भाषाविज्ञानाच्या विभागाने या विषयात पडावे काय, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्याच शास्त्राच्या इतिहासात सापडते. १९५० नंतरच्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची ग्रीष्मकालीन विद्यालये भरली. सुमित्र मंगेश कत्रे हे त्या प्रकल्पाचे सूत्रधार होते. अमेरिकेतून अध्यापक आले आणि त्यांनी वर्णनात्मक भाषाविज्ञानाची पद्धती येथील तरुणांना शिकविली. धनको संस्था परदेशी, पद्धती परदेशी, विद्यार्थी एतद्देशीय, असा तो सर्व व्यवहार होता. आजच्या आरोग्यसंशोधनातील मार्गदर्शनाची चौकट याहून फारशी वेगळी नाही.

परंतु दोहोंत एक मूलभूत फरक आहे आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. बोलीची पाहणी करणारा अभ्यासक निवेदकापुढे बसतो, तेव्हा निवेदकाला अस्वाभाविक वाटणारे वाक्य बाद होते. अभ्यासक कितीही ज्येष्ठ असो, ‘असं आम्ही म्हणत नाही’ हे निवेदकाचे उत्तर अंतिम असते. म्हणजे प्रश्न दुरुस्त करण्याचा अधिकार या पद्धतीने सर्वांत खालच्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या हाती दिलेला आहे. पुढे १९६३ पासून अमृत माधव घाटगे यांच्या बोलींच्या पाहण्या प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांत वर्णनाची पद्धती नव्या शास्त्राची होती. पण कोणती बोली निवडावी, कोठे जावे आणि काय नोंदवावे, हे प्रश्न येथे ठरले होते. शिकविलेली पद्धती शिकणाऱ्याच्या प्रश्नाला जुंपली गेली, तर मार्गदर्शन सफल झाले असे म्हणावे. आरोग्यसंशोधनाला हीच कसोटी लावून पाहू.

३

या कसोटीसाठी दूर जाण्याची गरज नाही. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला माळशिरस तालुक्यातील नातेपुते आणि ईशान्य टोकाला बार्शी. या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ खेडी तिच्या कक्षेत होती आणि भारतातील ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली ही पहिली कर्करोग नोंदणी होय. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील कस्तुरी जयंत आणि बार्शीचे भगवान नेने ही नावे या कार्याशी निगडित आहेत.

मुंबईच्या त्या संस्थेला मार्गदर्शनाची जुनी परंपरा होती. वसंत रामजी खानोलकरांनी तेथील प्रयोगशाळेत संशोधकांची एक पिढी घडविली. त्यांच्याच हाताखाली कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि ते तंत्र त्यांनी मुंबईत रुजविले. तंत्र बाहेरून घ्यावे आणि त्याचे रोप येथील मातीत लावावे, ही रीत या संस्थेला अपरिचित नव्हती. बार्शीच्या वेळी मात्र प्रश्न प्रयोगशाळेतील पेशींचा नव्हता. तो बोलणाऱ्या माणसांचा होता.

शहरातील नोंदणीची पद्धती अशी असते की रुग्ण रुग्णालयात येतो आणि कारकून त्याची नोंद करतो. खेड्यातील रुग्ण रुग्णालयात येतोच असे नाही. पुष्कळदा तो घरीच मरतो आणि त्याच्या मरणाचे कारण ‘पोटाचा आजार’ अथवा ‘म्हातारपण’ एवढेच राहते. म्हणून बार्शीच्या नोंदणीला रुग्णाकडे जावे लागले. कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे सांगू लागले, संशयितांना तपासणीस आणू लागले. शहरी नमुन्यातील ही पहिली दुरुस्ती होती आणि ती बार्शीच्या परिस्थितीने करावयास लावली.

या दुरुस्तीचे फळ नोंदीच्या संपूर्णतेहून मोठे होते. १९९५ साली एका आंतरराष्ट्रीय कर्करोगविषयक नियतकालिकात जयंत, नेने व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कर्करोगाविषयीची जाणीव वाढल्यावर या खेड्यांतील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक लवकरच्या अवस्थेत आढळू लागला, असे त्यात दाखविले होते. भाषेच्या अभ्यासकाने या निष्कर्षाशी क्षणभर थांबावे. येथे नवे यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. कार्यकर्ता बोलत होता आणि स्त्री ऐकत होती. तिला समजेल असे बोलले गेले म्हणून ती आधी आली. ‘गर्भाशयमुख’ हा पारिभाषिक शब्द आपल्या खेड्यांत कोणी वापरीत नाही. स्त्रिया ‘पिशवी’ म्हणतात, ‘पिशवीचं तोंड’ म्हणतात, ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणतात. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे हे धोक्याचे लक्षण आहे, हे ज्ञान वैद्यकाचे. परंतु ते ज्ञान ज्या वाक्यातून पोहोचते ते वाक्य वैद्यक शिकवीत नाही. ते वाक्य कार्यकर्त्याने स्वतः घडवावे लागते. बार्शीच्या यशाचा एक मोठा भाग त्या अनामिक वाक्यरचनेत आहे.

४

याच पायावर पुढे १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे २०२३ पासून धाराशिव नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जिल्ह्यात एक मोठी चाचणी सुरू झाली. फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोगसंशोधन संस्था, मुंबईचे टाटा स्मारक आणि बार्शीचे रुग्णालय ही तिची तीन अंगे, आणि गेट्स प्रतिष्ठान हा तिचा आर्थिक आधार. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया गावांच्या ५२ समूहांत विभागल्या गेल्या. काही समूहांत विषाणूची चाचणी, काहींत पेशींची चाचणी, काहींत सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटात यांपैकी काहीही नाही, तर प्रचलित सेवा. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. म्हणजे या गटांच्या लोकसंख्येचा हिशेब घेता मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. अन्य दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. या पुराव्याचे महत्त्व वादातीत आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या चाचणीला अग्रक्रम दिला, त्यामागील पुराव्यांत बार्शीच्या परिसरातील स्त्रियांच्या सहभागाचा वाटा आहे.

मार्गदर्शनाच्या दृष्टीने या चाचणीकडे पाहिले तर ती एक शिडी दिसते. वरच्या पायरीवर लिआँ, तिच्याखाली मुंबई, तिच्याखाली बार्शी, आणि जमिनीला टेकलेल्या पायरीवर गावात जाणाऱ्या परिचारिका व कार्यकर्ते. शिडीच्या वरच्या तीन पायऱ्यांमधील व्यवहार निंद्य म्हणता येणार नाही. लिआँचे प्रमुख संशोधक शंकरनारायणन हे स्वतः केरळातील कर्करोगकेंद्रात काम केलेले होते. २००९ च्या निबंधात नेने यांचे नाव दुसरे आहे. आणि स्त्रियांच्या सहभागाची कारणे शोधणारा २००७ चा निबंध तर नेने यांच्या नावानेच प्रथम येतो. बोलाविलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ चार पंचमांश स्त्रिया तपासणीस आल्या, कोणत्या आल्या आणि कोणत्या राहिल्या, हा प्रश्न बार्शीच्या अनुभवातूनच उद्भवू शकतो. येथवर शिष्याला स्वतःचा प्रश्न मिळालेला दिसतो.

अडचण खालच्या पायरीवर आहे. भारतातील या प्रकारच्या चाचण्यांत ज्या गटाची तपासणी झाली नाही, त्या गटाविषयी २०१४ च्या सुमारास तीव्र वाद झाला. कर्करोग आधी ओळखण्याची पद्धती जगात उपलब्ध असता हजारो स्त्रियांना तिच्याविना ठेवून मृत्यू मोजणे नीतीला धरून आहे काय, असा सवाल एका अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने भारतीय वैद्यकनीतीच्या नियतकालिकातून विचारला. त्या जिल्ह्यात अशी तपासणी मुळातच उपलब्ध नव्हती, तेव्हा कोणाचेही काही काढून घेतलेले नाही, आणि तुलनेविना निर्णायक पुरावा मिळाला नसता, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. वादाच्या वैद्यकीय अंगाचा निवाडा करणे प्रस्तुत लेखकाचे काम नव्हे. परंतु वादाच्या मुळाशी असलेला ‘संमती’ हा विषय निःसंशय भाषेचा आहे.

ग्रामीण मराठीत ‘तपासणी’ या शब्दाला हिताचा अर्थ चिकटलेला आहे. डॉक्टर तपासतो तो बरे करण्यासाठी. ‘संशोधन’ हा शब्द पुस्तकी आहे. त्याचा बोलीतील व्यवहार नाही. म्हणून ज्या स्त्रीला ‘तपासणीत भाग घ्या’ असे सांगितले जाते, तिला आपल्यासाठी काही केले जाणार आहे असेच वाटते. आपल्यापासून काही जाणून घेतले जाणार आहे, हा अर्थ त्या वाक्यात येत नाही. इंग्रजी संमतिपत्राचे मराठी करताना ‘यादृच्छिक विभाजन’ आणि ‘नियंत्रणगट’ असे शब्द योजले की कायद्याचे समाधान होते, अर्थ मात्र कागदावरच राहतो. वस्तुतः ही कल्पना खेड्याला मुळीच अपरिचित नाही. भिशीत चिठ्ठी उचलतात, ग्रामपंचायतीत समान मते पडली तर चिठ्ठी टाकतात, आरक्षणाची सोडत निघते. ‘गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, ज्यांची निघाली तेथे ही तपासणी होईल, बाकीच्या गावांत आत्ता होणार नाही, आणि दोन्हीकडे कोण आजारी पडते ते आम्ही लिहून ठेवू’ — एवढे वाक्य कोणतीही स्त्री समजू शकते. समजल्यावर ती कदाचित विचारील, ‘मग आमच्या गावाचं काय?’ हा प्रश्न विचारला जाणे हीच संमतीची खरी खूण होय. असे वाक्य घडविण्यास कार्यकर्त्याला कोणी शिकविले पाहिजे, किंबहुना कार्यकर्त्याकडून कोणी शिकले पाहिजे. मार्गदर्शनाच्या आराखड्यांत ही पायरी बहुधा ‘प्रशिक्षण’ या नावाखाली येते. आणि प्रशिक्षणाचा अर्थ प्रश्नावली कशी भरावी एवढाच राहतो.

५

याच्या तुलनेसाठी गडचिरोलीचे उदाहरण घेऊ. अभय बंग व राणी बंग यांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. तेथे कार्ल टेलर हे त्यांचे एक अध्यापक होते. १९१६ साली मसुरीजवळील लंढौर येथे जन्मलेल्या आणि पंजाबातील नारंगवाल येथे खेड्यांतच संशोधन उभारलेल्या या अध्यापकाचे शिष्य जामखेडचे रजनीकांत व मेबल आरोळे हेही होत. या परंपरेत पद्धती विद्यापीठात शिकावयाची आणि प्रश्न गावात शोधावयाचा, असा क्रम दिसतो.

१९८९ साली राणी बंग व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के निघाल्या. तोवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार गर्भारपण आणि कुटुंबनियोजन यांच्या पलीकडे क्वचितच जात असे. प्रश्न विचारला गेला नव्हता म्हणून रोग नव्हता, असा हा प्रकार. स्त्रियांचे बोलणे आधी ऐकले गेले आणि मग मोजणी झाली, म्हणून हा आकडा हाती आला.

नवजात बालकांच्या अभ्यासातील उदाहरण भाषेच्या विद्यार्थ्याला अधिक बोधप्रद वाटेल. १९९९ च्या निबंधानुसार ३९ गावांत घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्यात आली आणि ४७ गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे काम गावातल्याच, थोडे शिकलेल्या स्त्रियांनी केले. त्यांना जंतुदोष ओळखावयास लावणारी जी लक्षणे ठरविली गेली, त्यांचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. बाळ रडत नाही, एवढे पुरेसे नाही. आधी नीट रडत होते आणि आता रडणे क्षीण झाले, असे लक्षण आहे. आधी दूध ओढत होते, आता ओढणे मंदावले वा थांबले, असे लक्षण आहे. मराठी आई ‘पीत नाही’ आणि ‘ओढत नाही’ यांत भेद करते. पहिल्यात अनिच्छा असू शकते, दुसऱ्यात शक्तीचा अभाव असतो. क्रियापदाचा काळ आणि क्रियापदाची निवड यांवर येथे बालकाचे जगणे अवलंबून आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकातील लक्षणांची यादी शब्दशः भाषांतरित करून हा भेद मिळाला नसता.

तसेच न्यूमोनियाच्या बाबतीत. श्वास मिनिटाला किती, हे मोजावयाचे. परंतु मोजणाऱ्या सुईणींची मोजणी दहा-बारांच्या पुढे जात नव्हती. तेव्हा मण्यांचे एक साधे उपकरण आणि वाळूचे घड्याळ त्यांच्या हाती दिले गेले : दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा आणि लाल मणी वाळू संपण्यापूर्वी सरकला तर औषध द्यावयाचे. सुईणीला शंभरापर्यंत मोजावयास शिकविणे हे एक प्रकारचे मार्गदर्शन. मोजणीच सुईणीच्या दहापर्यंत आणणे हे दुसऱ्या प्रकारचे. दुसऱ्या प्रकारात शिकविणारा आपला प्रश्न शिकणाऱ्याच्या मापाने दुरुस्त करून घेतो.

६

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा समज करून घेईल की परदेशी प्रश्न वाईट आणि स्थानिक प्रश्न चांगला. तो समज दूर करणे आवश्यक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण याच्या विरुद्ध बाजूचे आहे. गर्भावस्थेतील कुपोषणाचा प्रौढपणीच्या हृदयरोगाशी व मधुमेहाशी संबंध असतो, ही कल्पना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांची. त्यांच्या व कॅरोलाइन फॉल यांच्या सहकार्याने १९९३ मध्ये पुण्याजवळील खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. प्रश्न बाहेरचा होता. परंतु मोजमापे हाती आल्यावर असे दिसले की येथील अर्भके वजनाने हलकी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने राखलेले असते. २००३ च्या निबंधात ‘कृश परंतु मेदयुक्त’ अशा भारतीय अर्भकाची कल्पना मांडली गेली. केवळ जन्मवजनाकडे पाहणाऱ्या मूळ प्रश्नाला येथे मुरड घातली गेली. गुरूने दिलेला प्रश्न शिष्याने दुरुस्त केला आणि गुरूच्या गटाने ती दुरुस्ती आपल्या नावासह प्रसिद्ध केली. यापेक्षा चांगल्या मार्गदर्शनाची कल्पना करणे कठीण आहे.

म्हणून कसोटी प्रश्नाच्या जन्मस्थानाची नव्हे. ती प्रश्नाच्या दुरुस्तीची आहे. लिआँहून बार्शीला येणारा प्रश्न बार्शीत बदलू शकतो काय? बार्शीचा प्रश्न गावातल्या परिचारिकेच्या तोंडी बदलू शकतो काय? आणि तो बदल पुन्हा वर जाऊन निबंधात उमटतो काय? या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर श्रेय, वेळ व ज्येष्ठता यांचे बहुतेक तंटे आपोआप सुटण्याच्या मार्गाला लागतील. उत्तरे नकारार्थी असतील तर कितीही शिष्यवृत्त्या दिल्या तरी आपण संशोधक घडवीत नसून प्रश्नावलीचे वाहक घडवीत आहोत.

आणखी एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. शास्त्राची भाषा इंग्रजी आहे. तिच्यात न लिहिणारा संशोधक जगाला अदृश्य राहतो. तेव्हा मराठीचा आग्रह शिष्याच्या हिताचा नाही, असे म्हटले जाते. यातील पहिली दोन विधाने खरी आहेत, तिसरे त्यांतून निघत नाही. वर उल्लेखिलेले सर्व निबंध इंग्रजीत आहेत आणि त्यांचे इंग्रजीत असणे योग्यच आहे. परंतु त्या निबंधांतील प्रत्येक आकडा आधी कोणत्या तरी बोलीतील उत्तर होता. उत्तर आणि आकडा यांच्यामधील वाट जर कोणी तपासली नसेल, तर इंग्रजी निबंधाची अचूकता ही वरवरची अचूकता होय. घरी झालेल्या मृत्यूचे कारण नातलगांना विचारून ठरविण्याची जी पद्धती आज अनेक देशांत वापरली जाते, तिच्यासाठी बालमृत्यूंचे निकष बंग यांनी १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत सुचविले होते. तेथे तर शवाऐवजी वाक्यच तपासावे लागते. ‘धाप लागली’, ‘दम लागला’ आणि ‘पोट उडत होतं’ या तीन उत्तरांना एकाच रकान्यात टाकणारा संशोधक तीन वेगळी कारणे एक करून बसण्याचा संभव आहे.

७

आता नातेपुत्याकडे वळू. कारण मार्गदर्शनाची खरी गरज बार्शी वा गडचिरोली यांना नाही, ती अशा गावांना आहे जेथे अद्याप कोणताही संशोधक घडलेला नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा दरवर्षी आषाढीपूर्वी येथे मुक्काम असतो. एका रात्रीपुरती गावाची लोकसंख्या अनेकपटींनी वाढते, पाणी आणि शौचाच्या व्यवस्था ताणल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी पालखी माळशिरसकडे निघून जाते. एकोणिसाव्या शतकातील सरकारी कागदपत्रांनी पंढरपूरची यात्रा आणि पटकी यांची सांगड घातली होती. तेथे वारकऱ्याकडे रोगाचा वाहक म्हणून पाहिले जाई. पालखी गेल्यानंतरच्या पंधरवड्यात मुक्कामाच्या गावात काय घडते, हा प्रश्न मात्र गावाच्या बाजूने विचारावा लागेल. तो विचारण्यास येथील दवाखान्यात बसणाऱ्या तरुण डॉक्टरइतका समर्थ कोणी नाही. त्याच्याजवळ रोजच्या नोंदवहीत प्रश्नाचे साहित्य आहे. नाही ते एवढेच की त्या प्रश्नाला प्रश्न म्हणून मान्यता देणारा ज्येष्ठ. त्याला आज मार्गदर्शक मिळालाच तर तो बहुधा आपल्या प्रकल्पातील एखादा तुकडा त्याच्या हाती देईल आणि डॉक्टर कृतज्ञतेने तो स्वीकारील.

या डॉक्टरला ‘हगवण’, ‘जुलाब’, ‘पोट बिघडलं’ आणि ‘ढाळ’ यांत त्याचे रुग्ण कोणता भेद करतात, हे विचारावयास सांगणारा कोणी भेटला पाहिजे. बार्शीत वापरलेली प्रश्नावली तशीच उचलून माळशिरस तालुक्यात आणता येणार नाही. कारण बार्शीची बोली मराठवाड्याच्या सीमेवरची आणि नातेपुत्याची सातारा जिल्ह्याच्या सीमेवरची. एका जिल्ह्याच्या दोन टोकांत जर प्रश्न पुन्हा घडवावा लागत असेल, तर एका खंडातून दुसऱ्या खंडात येणाऱ्या प्रश्नाविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

यातून विद्यापीठातील भाषाविभागांसाठी एक मर्यादित परंतु निश्चित कार्य निघते. ग्रामीण आरोग्यसंशोधनाचा प्रकल्प हाती घेताना प्रश्नावलीचे भाषांतर शेवटी भाषांतरकाराकडे पाठविण्याची रीत सोडून द्यावी आणि प्रश्न ठरण्याच्या वेळीच बोलीचा अभ्यासक बैठकीत असावा. शरीर, रोग व लक्षणे यांच्या बोलीतील शब्दांचे तालुकावार संग्रह पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी करावेत. अशा संग्रहाला प्रबंधिकेचा दर्जा देण्यास विभागाला कोणतीही अडचण नाही. संमतिपत्राची मराठी वाचणाऱ्या स्त्रीने ती आपल्या शब्दांत पुन्हा सांगावी आणि ते पुनर्कथन मूळ मजकुराशी ताडून पाहावे. यात वैद्यकाच्या विद्यार्थ्याला जे शिकावयास मिळेल ते कोणत्याही कार्यशाळेत मिळणार नाही. आणि प्रत्येक इंग्रजी निबंधाबरोबर, ज्या गावांतून उत्तरे घेतली त्या गावांच्या भाषेतील वृत्तांत त्या गावांना परत दिला जावा. गावाने तो वाचून ‘हे असं नव्हतं’ असे म्हटले, तर ते म्हणणेही संशोधनाचा भाग समजले जावे.

वैद्यकाच्या विभागांनी या सूचना अनाहूत म्हणून बाजूस सारल्या तरी त्यांतील पहिल्या दोन गोष्टी आपण त्यांच्या अनुज्ञेविना सुरू करू शकतो. आषाढ दरवर्षी येतो. पालखी नातेपुत्याला मुक्काम करून पुढे जाते. तिच्यानंतरच्या पंधरवड्यात तेथील बाह्यरुग्ण विभागात कोणते शब्द ऐकू येतात, एवढी नोंद जरी आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने दवाखान्यातील डॉक्टरच्या शेजारी बसून केली, तरी त्या डॉक्टरच्या मनातील प्रश्नाला लिखित रूप येईल, आणि पुढे येणाऱ्या मार्गदर्शकासमोर ठेवण्यास त्याच्याजवळ स्वतःचे काही असेल.